आधी केमो म्हणजे ऑपरेशन हुकलं? तसं नाही

"स्वादुपिंडाच्या कॅन्सरला आधी केमो दिली म्हणजे केस हाताबाहेर गेली", हा फॉरवर्ड वाचून म्हापशाच्या आमच्या मावशीने जेवणच टाकलं होतं. भीती वाटणारच म्हणा. पण गाठ आतड्याच्या मोठ्या रक्तवाहिनीला टेकली असेल तर लगेच कापूनही कडेला कॅन्सरच्या पेशी राहू शकतात, म्हणून आधी काही महिने केमो, मग परत सीटी आणि मग ऑपरेशनचं ठरतं. सगळ्यांचंच होतं असं नाही, कुणाचा आजार त्यातही वाढतो. आणि केमोनंतर स्कॅनवर गाठ तेवढीच दिसली तरी घाबरू नका, त्यात नुसता व्रणही असू शकतो, म्हणून रक्तातलं सीए १९-९ (या कॅन्सरमध्ये बरेचदा वाढणारा एक घटक) पण बघतात. रिपोर्टात 'बॉर्डरलाइन' (म्हणजे ऑपरेशन होईल-न होईल अशा सीमेवरची गाठ) किंवा '१८० अंश' (म्हणजे गाठ रक्तवाहिनीला किती वेढून आहे त्याचं माप) लिहिलंय का बघा, आणि सर्जनलाच विचारा, केमो ऑपरेशनसाठी की ऑपरेशनऐवजी?