विमानाची हिशोबपट्टी

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव झाला की कांदेवाल्याच्या हातात आधी लिलावाचा भाव लिहिलेली सौदापट्टी पडते. मग ट्रॅक्टर काट्यावर जातो आणि वजनाची काटापट्टी मिळते. शेवटी व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल रिकामा झाला की हिशोबपट्टी: इतके क्विंटल, अमुक भाव, त्यातून हमाली-तोलाईसारखी कपात असेल ती वजा, खाली निव्वळ रक्कम. ट्रॉलीच्या फाळक्याला टेकून माणूस तो कागद दोनदा वाचतो आणि एखादा रुपया जास्त कापलेला दिसला तर तिथल्या तिथे विचारतो. नेत्यांच्या सरकारी विमानांवर किती खर्च व्हावा हा विषय आमच्या नाशिक जिल्ह्यात निघतो, तेव्हा खुल्या बाजाराची बाजू घेणारी माणसे याच कागदाच्या भाषेत बोलतात. नेत्याने विमानाने जरूर जावे, पण त्याची हिशोबपट्टी निघावी आणि ज्याच्या खिशातून पैसे गेले त्याला ती वाचता यावी, इतकेच त्यांचे म्हणणे. हे म्हणणे कुठून आले, त्याची ही पार्श्वभूमी.

बाजारवादी मंडळी सरकारी इतमामाला सरसकट विरोध करतात, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. खुल्या बाजाराचा आद्य अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथ याने १७७६ मध्ये राज्याच्या रास्त खर्चांचा विचार केला तेव्हा संरक्षण, न्याय आणि सार्वजनिक बांधकामे यांच्या जोडीला राजाचा आब राखण्याचा खर्चही धरला होता. कठोर प्रश्न नंतर आले. फ्रेंच विचारवंत फ्रेडरिक बास्तिया यांनी १८५० मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली: सरकारने केलेला खर्च डोळ्यांना दिसतो, पण तोच पैसा लोकांजवळ राहिला असता तर त्यातून काय झाले असते, ते कधीच दिसत नाही. पुढे अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी पैसे खर्चण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या. आपला पैसा आपल्यासाठी खर्चताना माणूस किंमतही बघतो आणि वस्तूही. आपल्या पैशाने दुसऱ्याला भेट आणताना किंमत बघतो, वस्तूची पारख तेवढी करत नाही. दुसऱ्याच्या पैशाने स्वतःसाठी घेताना वस्तू उत्तम हवी असते, किमतीची फिकीर नसते. आणि दुसऱ्याच्या पैशाने तिसऱ्यासाठी खरेदी करताना दोन्हीकडे दुर्लक्ष होते. सरकारी विमान नेता वापरतो, अधिकारी ठरवतात आणि पैसे करदाता भरतो. ते शेवटच्या दोन तऱ्हांत बसते.

फ्रीडमन १९५५ मध्ये भारतात येऊन गेले. चिंतामणराव देशमुख तेव्हा अर्थमंत्री होते. फ्रीडमन यांनी सरकारला एक टिपण दिले, त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर आपले भिन्नमत नोंदवले, आणि दोन्ही कागद बाजूला पडले. १९५९ मध्ये राजाजींनी खुल्या बाजाराची बाजू घेणारा ‘स्वतंत्र पक्ष’ काढला आणि ‘लायसन्स-परमिट राज’ हा शब्द रुळला. १९६७ मध्ये या पक्षाचे ४४ खासदार लोकसभेत होते. त्यानंतर तो ओसरला.

नाशिक जिल्ह्यात हा विचार रेल्वेच्या रुळांवरून आला. शेतकरी संघटना काढणारे शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले होते. शेतकरी संघटनेचे कांदा-उसाचे आंदोलन १९८० मध्ये आमच्याकडे पेटले. त्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातल्या खेरवाडीला शेतकरी रुळांवर बसले, गोळीबार झाला आणि दोन शेतकरी गेले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा आजही गावागावातल्या पिकल्या मिशांच्या माणसांना तोंडपाठ आहे. १९८६ मध्ये चांदवडला संघटनेचे महिला अधिवेशन झाले, १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला. जोशींच्या मांडणीचा गाभा असा होता की सरकारने शेतकऱ्याला सूट-सबसिडी देऊ नये आणि त्याचा भावही पाडू नये. बाजार मोकळा सोडावा. ही भूमिका मला महत्त्वाची वाटते, कारण जो स्वतःसाठी भीक नाकारतो त्यालाच दुसऱ्याच्या थाटाचे बिल मागण्याचा पुरा हक्क पोहोचतो. स्वतःचे अनुदान घट्ट धरून मंत्र्याच्या विमानावर बोट ठेवणे सोपे आहे. जुने संघटनावाले तसे करत नाहीत.

आता विमानांकडे. आपल्याकडची सुरुवातीची हवाई सेवा खासगी होती. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईला टपाल आणले. १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. नेत्यांची ने-आण करणारी वायुदलाची खास तुकडी दिल्लीत १९४७ पासूनच होती. देशातल्या अशा प्रवासाचा खर्च संरक्षण खात्याच्या खर्चात मिसळतो, त्यामुळे तो वेगळा काढून बघता येत नाही. परदेश दौऱ्यांसाठी एअर इंडियाची जम्बो विमाने भाड्याने घेतली जात, आणि तिथे तरी बिल फाटत असे. पण बिल फाटणे वेगळे आणि ते वेळेवर चुकते होणे वेगळे. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार ३० नोव्हेंबर २०१९ रोजी अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या उड्डाणांपोटी एअर इंडियाचे ८२२ कोटी रुपये सरकारी खात्यांकडे थकलेले होते. स्वतः कर्जात बुडालेली कंपनी मालकाला उधारी देत होती. खासगी कंपनीने इतकी उधारी सोसली नसती. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया परत टाटांकडे गेली, तेव्हा बाजारवाद्यांना आनंद झाला त्यामागे हेही एक कारण होते.

त्याआधी पंतप्रधान, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींसाठी दोन बोइंग ७७७ विमाने खास तयार करून घेतली गेली. ती २०२० मध्ये दिल्लीत उतरली. दोन्हींचा मिळून खर्च सुमारे ८,४०० कोटी रुपये छापून आला. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात यासाठी जी तरतूद होती, ती नागरी उड्डाण खात्याखाली ‘विशेष अतिरिक्त उड्डाणां’साठी दोन नवी विमाने अशा नावाने होती. तिथे पंतप्रधानांचा उल्लेख नाही. सामान्य वाचकाला ते पान उघडूनही कळणार नाही की हे कुणाचे विमान. खुल्या बाजारवाल्यांची तक्रार आकड्याइतकीच या नावाबद्दल आहे, आणि ती मला पटते.

दुसरी बाजूही तितकीच खरी. १९ सप्टेंबर १९६५ रोजी गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे विमान पाकिस्तानी विमानाने कच्छच्या सीमेजवळ पाडले. ४ नोव्हेंबर १९७७ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाईंना घेऊन जाणारे वायुदलाचे विमान आसामात जोरहाटजवळ कोसळले. मोरारजीभाई वाचले, विमान चालवणारे पाच जण गेले. २५ मे २०१७ रोजी निलंग्याला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर पडले आणि सगळे थोडक्यात बचावले. सुरक्षित विमान ही चैन आहे असे यानंतर कुणी म्हणू नये. संरक्षण हे राज्याचे पहिले काम आहे, हे तर स्मिथनेच सांगितलेले. वाद उरतो तो क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा कुठे संपते आणि सजावट कुठे सुरू होते, याचा. किंमत उघड नसेल तर ती रेघ कुणालाच ओढता येत नाही.

इतर देशांनी काय केले? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट जानेवारी १९४३ मध्ये, ऐन युद्धात, कॅसाब्लांकाला निघाले तेव्हा अटलांटिक ओलांडला तो पॅन ॲम या खासगी कंपनीच्या उडत्या बोटीतून, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून. मेक्सिकोने अध्यक्षांसाठी सुमारे २१.८ कोटी डॉलरचे बोइंग ७८७ घेतले. नंतर आलेल्या डाव्या विचारांच्या अध्यक्षांनी त्यात बसायलाच नकार दिला आणि २०२३ मध्ये ते ताजिकिस्तानला सुमारे ९.२ कोटी डॉलरला विकले. अशा विमानाला बाजारात सहजी गिऱ्हाईक मिळत नाही, हे त्या व्यवहारातून कळले. अर्जेंटिनाचे हाविएर मिले, जे स्वतःला कट्टर बाजारवादी म्हणवतात, जानेवारी २०२४ मध्ये दावोसला साध्या प्रवासी विमानाने गेले.

नाशिकला विमान परके नाही. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले आणि १९६४ मध्ये ओझरला मिग या लढाऊ विमानांचा कारखाना आला. मिग झाले, सुखोई झाले, ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथूनच तेजसने उड्डाण केले. त्याच धावपट्टीवर नेत्यांची विमाने उतरतात आणि पुढे हेलिकॉप्टर. १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान राष्ट्रीय युवा महोत्सवासाठी नाशिकला आले, त्या दिवशी कांद्यावर निर्यातबंदी होती. येत्या सिंहस्थ कुंभमेळ्यात अशा फेऱ्या वाढतीलच.

एका सभेसाठी आमच्या शिवारात हेलिपॅड केला होता, तो मी जवळून पाहिला. सोयाबीन काढलेल्या रानात डंपरने मुरूम टाकला, दोन दिवस रोलर फिरला, धूळ उडू नये म्हणून सकाळपासून टँकरने पाणी मारले, चुन्याने वर्तुळ आखून मधे मोठा ‘एच’ काढला. बंब आला, रुग्णवाहिका आली. हेलिकॉप्टर तासभरही थांबले नाही. किती खर्च झाला हे विचारायला आम्ही दोघे-तिघे गेलो. एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि कागद काही मिळाला नाही. रानाच्या मालकाला गहू करायचा होता. त्याने स्वतःचा ट्रॅक्टर आणि ब्लेड लावून तो मुरूम बांधाला ओढला. त्याला चार दिवस लागले आणि डिझेल त्याचेच गेले.