आधी अक्षर, मग गाणं

जपानी गाण्यांचा नाद असलेल्या मंडळींत एक चाळा चालतो. ‘अ’पासून सुरुवात करायची, त्या अक्षराने नाव सुरू होणारं एक आवडतं गाणं निवडायचं, मग ‘इ’चं, मग ‘उ’चं, असं करत ‘व’पर्यंत पोचायचं. भेंड्यांवर वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. फक्त आपल्याकडे समोरच्याचं गाणं ज्या अक्षरावर संपेल ते आपल्या गळ्यात पडतं, आणि गाण्याचं नाव विचारतो कोण, मुखडा कशाने सुरू होतो ते बघायचं. तिथे अक्षरं आधीच रांगेत उभी असतात. ही रांग आली कुठून, हे शोधायला लागलं की वाट वळून आपल्याच वर्णमालेकडे येते.

जपानी ‘काना’ लिपीची रांग अशी: अ, इ, उ, ए, ओ; मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आता यातल्या ‘स’च्या जागी ‘च’ आणि ‘ह’च्या जागी ‘प’ घालून वाचा. क, च, त, न, प, म, य, र, व. कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत आणि पुढे अंतस्थ, असा आपल्या वर्णमालेचा क्रमच समोर येतो. ही अदलाबदल मनची नाही. प्राचीन जपानीत आजच्या ‘ह’चा उच्चार ‘प’सारखा होता आणि ‘स’चा ‘च’ किंवा ‘त्स’च्या जवळचा असावा, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. मूर्धन्य आणि महाप्राण वर्ण जपानीला लागतच नव्हते, ते वाटेत गळाले. ‘ग’ म्हणजे डोक्यावर दोन रेघा दिलेला ‘क’, त्यामुळे तो ‘क’च्याच ओळीत बसतो.

हा क्रम जपानला पोचवला बौद्ध भिक्षूंनी. मंत्रांचा उच्चार चुकू नये म्हणून त्यांना सिद्धम् ही संस्कृत लिहायची जुनी भारतीय लिपी आणि तिच्यासोबत संस्कृत वर्णविचार शिकावा लागे. कूकाई हा भिक्षू 804 साली चीनला गेला, तिथल्या चांगआन या राजधानीत भारतातून आलेल्या प्रज्ञ नावाच्या आचार्यांकडे संस्कृत शिकला आणि 806 मध्ये सिद्धम् लिपीतल्या पोथ्या घेऊन परतला. त्यानंतर दोनेक शतकांनी, अकराव्या शतकाच्या सुरुवातीला, महामायूरी सूत्र या बौद्ध ग्रंथाच्या एका उच्चारटीपेत ‘गोजूओन’चा, म्हणजे ‘पन्नास ध्वनीं’च्या तक्त्याचा, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना नमुना सापडतो. पुढे म्योकाकू या भिक्षूने 1093 मध्ये उच्चारशास्त्रावर ग्रंथ लिहून त्याची मांडणी केली.

पण हे सगळं मठात. बाजारात, शाळेत, हिशेबाच्या वहीत राज्य होतं ते ‘इरोहा’चं. इरोहा ही एक कविता आहे. त्या काळच्या 47 अक्षरांपैकी प्रत्येक अक्षर तिच्यात बरोबर एकदाच येतं आणि तरीही अर्थ लागतो: फूल दरवळतं, पण गळून पडतं; या जगात कायमचं कोण आहे? तिची सर्वांत जुनी नोंद 1079 सालची. बौद्ध वंदना म्हणणाऱ्या मराठी घरांत ‘अनिच्चा वत सङ्खारा’ ही गाथा ओळखीची असेल. इरोहाचा आशय परंपरेने त्याच गाथेशी जोडला जातो. म्हणजे मठाबाहेरच्या जपानी पोराने अक्षरओळख केली तीच मुळी एका गाण्यातून. आजही जपानी संगीतात सुरांची नावं इ, रो, हा, नि, हो, हे, तो अशी आहेत, आणि पाश्चात्त्य ‘सी मेजर’ला ‘हा-चोचो’ म्हणतात.

इरोहाला मागे सारलं ते कोशाने. ओत्सुकी फुमिहिको यांचा ‘गेन्काई’ हा शब्दकोश 1889 ते 1891 या काळात निघाला, तो गोजूओन क्रमाने. तो पाहून फुकुझावा युकिची यांच्यासारख्या सुधारकाच्याही कपाळाला आठी पडली, असा किस्सा सांगतात. करमणुकीच्या ठिकाणी चपला ठेवायच्या बिल्ल्यांवर तर इरोहाच असते, मग हे चालणार कसं, असा त्यांचा सवाल होता. शेवटी चाललं, आणि चांगलंच चाललं.

अक्षराने क्रम लावणं निराळं आणि अक्षरावरून गाणं ओळखणं निराळं. या दुसऱ्या गोष्टीत जपानी माणूस फार आधीपासून तरबेज होता. जपानीत ‘उता’ म्हणजे गाणं आणि ‘उता’ म्हणजेच कविता. जुन्या ‘वाका’ कवितेला, म्हणजे 5-7-5-7-7 अशा 31 मात्रांच्या रचनेला, शीर्षक नसे. ती पहिल्या चरणानेच ओळखली जाई. आपल्या अभंगांचं तरी काय वेगळं आहे? गाथेच्या मागे अभंगांची जी अनुक्रमणिका असते ती पहिल्या चरणाचीच. कवीही या पहिल्या अक्षराशी खेळत. ‘इसे मोनोगातारी’ या जुन्या कथा-कवितांच्या ग्रंथात नदीकाठी काकित्सुबाता नावाची फुलं दिसल्यावर नायकाला त्या नावाच्या पाच अक्षरांवर कविता करायला सांगतात, आणि तो अशी कविता रचतो की पाच चरणांची पहिली अक्षरं घेतली की का-कि-त्सु-बा-ता तयार होतं.

या खेळाचं टोक म्हणजे ‘उता-गारुता’. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइका यांनी शंभर कवींची एकेक कविता निवडून ‘ह्याकुनिन इश्शू’ हा संग्रह केला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, त्यांच्याबरोबर पत्ते आले, आणि पोर्तुगीज ‘कार्ता’चं जपानीत ‘कारुता’ झालं. गोव्याहून मलाक्का, मकाव असा जो जहाजांचा मार्ग होता, त्यावरूनच हा शब्द गेला. पुढे या शंभर कविता पत्त्यांवर चढल्या. एकाने कवितेचा पूर्वार्ध वाचायचा, आणि खेळणाऱ्यांनी समोर पसरलेल्या उत्तरार्धाच्या पत्त्यांतला नेमका पत्ता इतरांच्या आधी उडवायचा.

आता यात पूर्ण ओळ ऐकत बसला तो हरला. कविता नक्की कोणती हे ठरवणाऱ्या सुरुवातीच्या अक्षरांना ‘किमारिजी’ म्हणतात, म्हणजे निर्णय करणारी अक्षरं. शंभरांपैकी सात कवितांना एकच अक्षर पुरतं. त्यांची यादी खेळाडू एका दमात म्हणतात: मु-सु-मे-फु-सा-हो-से. ‘मे’ ऐकू आला की मुरासाकी शिकिबूची कविता, दुसरी कुठली असूच शकत नाही. 42 कवितांना दोन अक्षरं लागतात, 37 कवितांना तीन. ‘अ’ने सुरू होणाऱ्या मात्र सोळा आहेत, त्यामुळे ‘अ’ कानावर पडला तरी हात हवेतच राहतो. सर्वांत छळणाऱ्या सहा कविता सहाव्या अक्षराला फुटतात. ‘असाबोराके’, म्हणजे पहाट, इथपर्यंत दोन कविता अगदी सारख्या. पुढे ‘अ’ येतो की ‘उ’, यावर सगळं. शिवाय खेळ पुढे सरकतो तसा हिशेब बदलतो. एक ‘असाबोराके’ वाचून झाली की दुसरीला सहा अक्षरांची गरज उरत नाही. मुरलेले खेळाडू स्वर येण्याआधी नुसत्या व्यंजनाच्या चाहुलीवर झेपावतात. पाहणाऱ्याला ही कुस्ती वाटते, कविता नाही, आणि ते फारसं चूकही नाही.

1904 मध्ये ‘योरोझू चोहो’ या वृत्तपत्राचे कुरोइवा रुइको यांनी नियम एकसारखे करून तोक्योत स्पर्धा भरवली. आज अव्वल किताबांचे सामने दर जानेवारीत ओत्सू इथल्या ओमी देवस्थानात होतात. हे देवस्थान सम्राट तेन्जीचं, आणि शंभरातली पहिली कविता त्याचीच.

या शंभर कवितांत ‘र’ने सुरू होणारी एकही नाही. र, रि, रु, रे, रो, कोणतीच नाही. भेंड्यांत ‘ठ’ आला की गटात जसा शुकशुकाट होतो तशी ही गत, पण कारण भाषेतच आहे. अस्सल जपानी शब्द ‘र’ने सुरूच होत नसत. पुढे चिनी शब्द आले, मग इंग्रजी आले, आणि ‘ल’ही जपानीत ‘र’च होत असल्यामुळे आजच्या गाण्यांच्या यादीत ‘लव्ह’पासूनची सगळी गर्दी त्या रिकाम्या ओळीत येऊन बसली.

ही यादी सर्वसामान्यांच्या हातात ठेवली काराओकेने. कोबे शहरातल्या इनोउए दाइसुके या वादकाने 1971 मध्ये साथीच्या संगीताची अकरा यंत्रं बनवून भाड्याने दिली. पेटंट मात्र घेतलं नाही. 2004 मध्ये ‘इग नोबेल’ हा नोबेलच्या धर्तीवरचा गमतीचा शांतता पुरस्कार मिळाला, तेवढाच. आधी टेपवर मोजकी गाणी होती. मग 1982 मध्ये लेझर डिस्क आली, 1992 पासून टेलिफोनच्या तारांवरून गाणी येऊ लागली, आणि गाण्यांची वही टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड झाली. तिचा क्रम अर्थातच गोजूओन. पुढे वहीच्या जागी हातात धरायची पाटी आली. तिच्या ‘देन्मोकू’ या नावाचा अर्थही इलेक्ट्रॉनिक अनुक्रमणिका असाच.

या वहीत गाणं शोधायचं तर नाव दिसून भागत नाही, ते म्हणता यावं लागतं. यामागुची मोमोए यांचं 1977 चं गाणं ‘शरद’ आणि ‘साकुरा’ या दोन चित्रलिपी चिन्हांनी लिहितात. नवखा माणूस ते ‘अकि’ वाचून ‘अ’खाली शोधेल. पण त्याचा उच्चार ‘कोसुमोसु’, म्हणून ते ‘को’खाली. साकामोतो क्यू यांचं ‘उए ओ मुइते आरुको’ 1961 मध्ये आलं आणि 1963 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, पण ‘सुकियाकी’ या नावाने. हा एका मांसाहारी पदार्थाचा शब्द, त्याचा गाण्याशी काडीचा संबंध नाही. तिकडे जगभर ते ‘स’चं गाणं झालं. जपानी वहीत ते ‘उ’च्या पानावरून हललेलं नाही.