कुरगान

युक्रेन, दक्षिण रशिया, कझाकस्तान या भागातला माळ, म्हणजे स्तेप, इतका सपाट आहे की नजर थेट आभाळालाच जाऊन टेकते, आणि अशा माळावर मधेच एखादं गोलसर टेकाड उभं दिसतं, कधी एकटं, कधी चार-पाच ओळीने. ही टेकाडं आपोआप झालेली नाहीत, माणसांनी माती रचून केलेली थडगी आहेत ती. यांना कुरगान म्हणतात. शब्द मूळचा तुर्की भाषांतला, तिथून रशियनमध्ये गेला. युक्रेनमध्ये लोक 'मोहिला' म्हणतात, त्याचा अर्थ सरळ थडगंच. काही नांगराखाली झिजून आता जेमतेम गुडघ्याएवढी उरलीयत, तर नीपर नदीच्या भागातलं चोर्तोमलिक जवळपास २० मीटर उंच होतं, म्हणजे सहा मजली बिल्डिंग धरा.

साधारण इ.स.पू. ३३०० नंतर यामनाया संस्कृतीच्या लोकांनी अशी टेकाडं मोठ्या प्रमाणात घातली. हे लोक गुरं-मेंढरं आणि बैलगाड्या घेऊन फिरणारे. खड्ड्यात मेलेल्या माणसाला पाठीवर झोपवायचं, गुडघे वर दुमडायचे, अंगावर गेरू टाकायचा, वर लाकडं आणि मग माती. पुढच्या लोकांनी नवीन जागा शोधायच्या ऐवजी बऱ्याचदा त्याच टेकाडात आपली माणसं पुरली, वर अजून माती चढवली, त्यामुळे एका कुरगानात हजारो वर्षांच्या अंतराने मेलेली माणसं सापडतात आणि 'हे कुरगान कुणाचं' याला एकच उत्तर बहुतेक वेळा नसतंच.

सगळ्यात गाजलेली मात्र सिथियन, म्हणजे स्तेपवरच्या घोडेस्वार टोळ्यांच्या, राजांची, इ.स.पू. सातव्या ते चौथ्या शतकातली. हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने या अंत्यविधीचं वर्णन करून ठेवलंय: राजाचं प्रेत मेण लावून गाड्यावर घालून टोळ्याटोळ्यांतून फिरवायचे, मग त्याच्यासोबत एक बाई, आचारी, मोतद्दार, घोडे मारून पुरायचे आणि टेकाड जेवढं मोठं करता येईल तेवढं चढाओढीने करायचे. अतिशयोक्ती वाटते, पण खोदकामात नोकरांचे सांगाडे आणि साजासकट घोडे खरंच निघालेत. १९७१ मध्ये बोरिस मोझोलेव्स्की (हा माणूस पुरातत्त्वज्ञ तर होताच, कवीपण होता) याने तोव्स्ता मोहिला उघडलं तेव्हा मधली कबर चोरांनी कधीच साफ केलेली होती, पण आत जायच्या वाटेत चोरांच्या नजरेतून सुटलेला सोन्याचा गळपट्टा मिळाला, वजन ११५० ग्रॅम. त्याच्या वरच्या पट्टीत दोन पुरुष बसून मेंढीच्या कातड्याचा सदरा शिवतायत, बाजूला मेंढीचं दूध काढणं चाललंय, आणि खालच्या पट्टीत ग्रिफिन (गरुडाचं तोंड आणि पंख, सिंहाचं धड असलेले काल्पनिक प्राणी) घोड्यांना फाडतायत. राजाच्या गळ्यात रोजची मेंढपाळी कोरलेली आहे, मला या सगळ्यात हेच सगळ्यात भारी वाटतं.

पूर्वेला अल्ताई पर्वतात पाझिरिकची कुरगानं आहेत, ती माती कमी आणि दगड जास्त अशी. तिथे चोरांनी पाडलेल्या भोकातून पाणी आत गेलं, गोठलं आणि वरच्या दगडांमुळे बर्फ वितळलाच नाही, म्हणून लाकूड, नमदा, गोंदलेली कातडी, अख्खा गाठींचा गालिचा असं सगळं जवळपास अडीच हजार वर्षं टिकलं. सिथियन लोक तापलेल्या दगडांवर गांजाचं बी टाकून वाफ घेतात असं हेरोडोटस म्हणतो, ते भांडं, दगड आणि जळकं बीसुद्धा तिथे सापडलं.

कुरगानांवर दगडी पुतळेपण दिसतात, त्यांना तिकडे 'बाबा' म्हणतात, पण आपल्या बाबांशी घोळ नको, रशियनमध्ये बाबा म्हणजे बाई, आणि गंमत म्हणजे त्यातले बरेच पुतळे पुरुषांचे आहेत. बहुतेक ११ ते १३ व्या शतकातल्या पोलोव्त्सी या स्तेपवरच्या तुर्की भटक्या लोकांचे, म्हणजे खालच्या थडग्यापेक्षा कितीतरी अलीकडचे.

मराठी वाचकाला यात नातं दोन ठिकाणी लागतं. पुरातत्त्वज्ञ मारिया गिम्बुटास यांनी १९५६ मध्ये मांडलं की इंडो-युरोपियन भाषा (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी वगैरेंचं कुटुंब) या कुरगानवाल्या लोकांकडून पसरल्या. २०१५ पासून प्राचीन डीएनएच्या अभ्यासांनी त्याला बराच आधार दिला, वाद अजून आहेत, पण मराठीपण त्याच कुटुंबातली. दुसरं म्हणजे इराणी लोक सिथियनांना सक म्हणायचे, आपण ज्यांना शक म्हणतो ते याच स्तेपच्या टोळ्यांतले, नाशिकच्या लेण्यांत ज्याच्या जावयाचे लेख आहेत तो राजा नहपान त्यांच्यातलाच.

सोन्यामुळे कुरगानांचं नुकसानच जास्त झालं. सायबेरियात अठराव्या शतकात थडगी फोडणाऱ्यांच्या टोळ्याच होत्या, आणि विसाव्या शतकात ट्रॅक्टरने उरलेली सपाट केली. खरं तर टेकाडाची मातीच मोलाची आहे, कारण आजूबाजूच्या माळावरचं गवत मुळांसकट कापून त्याची ढेकळं रचलेली असतात, आणि टेकाडाखाली त्या काळची जमीन परागकणांसकट जशीच्या तशी दाबलेली असते, त्यावरून तेव्हा पाऊसपाणी कसं होतं ते कळतं. चढामुळे जिथे नांगर गेला नाही तिथे चारी बाजूंनी गव्हाची शेतं आणि मधे जुन्या स्तेपचं गवत असं बेट उरलेलं दिसतं. हंगेरीने १९९६ च्या कायद्याने आपली अशी सगळी टेकाडं सरसकट संरक्षित केली. युक्रेनमध्ये मात्र सपाट माळावर उंच जागा तेवढीच, त्यामुळे २०२२ नंतरच्या युद्धात कित्येक कुरगानांत खंदक खणले गेलेत.