हाफलिंगचा फायटर ‘वाया जातो’ का?

मुंबईतल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून काल्पनिक पात्रांची भूमिका निभावण्याचा टेबलावरचा खेळ) खेळणाऱ्या ग्रुपांवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: लढाऊ क्लास (पात्राचा पेशा) हवा तर हाफ-ऑर्क या धिप्पाड वंशाचंच पात्र घ्या, हाफलिंग या बुटक्या वंशाचा फायटर (लढवय्या) म्हणजे पात्र वाया.

समज निराधार नाही. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकात (खेळाच्या नियमपुस्तकात) हाफलिंग फायटरच्या लेव्हलवर खरोखरच मर्यादा होती. २००० साली तिसऱ्या आवृत्तीत ती गेली, सल्ला मात्र राहिला.

आता २०१४ च्या नियमांनी हिशोब करू. पॉइंट-बायमध्ये (ठरावीक गुण वाटून क्षमता ठरवण्याच्या पद्धतीत) एका क्षमतेला कमाल १५ मिळतात. हाफ-ऑर्कला स्ट्रेंग्थमध्ये (ताकदीत) २ जास्त, म्हणजे १७, आणि त्यावर फाशात मिळवायचा बोनस ३. हाफलिंगला तेच २ डेक्स्टेरिटीत (चपळाईत), बोनस तोच. रेपियर या सडपातळ तलवारीला डेक्स्टेरिटी चालते, त्यामुळे हल्ला दोघांचाही अधिक ५ (पहिल्या लेव्हलचा प्रावीण्याचा बोनस २ धरून) आणि इजाही सारखी: आठ बाजूंचा एक फासा अधिक ३, कारण एका हाताने धरलेल्या लाँगस्वर्डचा फासाही तोच. वर हाफलिंगला हल्ल्यात १ पडला तर फासा पुन्हा टाकता येतो!

हट्टाने स्ट्रेंग्थचाच हाफलिंग केलात तरी बोनस एकानेच कमी. हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर म्हणजे वार लागण्याची शक्यता साधारण ५ टक्क्यांनी कमी.

खरी अडचण दोन ठिकाणी. ग्रेटस्वर्डसारखी जड शस्त्रं हाफलिंगसारख्या लहान आकाराच्या पात्राला डिसअॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून कमी आकडा धरून) वापरावी लागतात, आणि बार्बेरियन या दुसऱ्या लढाऊ क्लासच्या रेजची (संतापाची) जादा इजा फक्त स्ट्रेंग्थच्या हल्ल्याला मिळते. तिथे हाफ-ऑर्क सरस, हे मान्यच. २०२४ च्या नियमांत तर हे वाढीव गुण वंशाऐवजी बॅकग्राउंडकडून (पात्राच्या पूर्वायुष्याकडून) येतात. आपल्या टेबलावर कुठलं पुस्तक आहे ते आधी डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) विचारा.