कमांड-लाइन साधनांची देखभाल

टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून चालवायच्या छोट्या प्रोग्रामांतले बग शोधणे, ते काढणे आणि काढताना इतरांचे चालू काम मोडू न देणे, याला कमांड-लाइन साधनांची देखभाल म्हणतात. फाइलींची यादी देणारे एलएस, ओळी क्रमाने लावणारे सॉर्ट, मजकुरात शोध घेणारे ग्रेप ही अशी साधने. यांची परंपरा १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्स या कार्यप्रणालीपासूनची. ग्रेप युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक केन टॉम्प्सन यांनी लिहिले. आज बहुतेक लिनक्स संगणकांवर मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ग्नू प्रकल्पाचा कोअरयुटिल्स हा अशा साधनांचा संच असतो.

आलेली प्रत्येक तक्रार म्हणजे बग नव्हे. समजा, पावसाळ्यात कोणी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ही फाइल नुसत्या सॉर्टला दिली तर ९ हा आकडा ४३ च्याही खाली जाऊन बसतो, कारण सॉर्ट आकड्यांकडे मजकूर म्हणून पाहते आणि पहिलेच चिन्ह ताडते. संख्या म्हणून क्रम हवा असेल तर ‘एन’ हा पर्याय द्यावा लागतो. इथे साधन बरोबर आहे. देखभाल करणाऱ्याचा बराच वेळ असे समजावून सांगण्यात जातो आणि तो वाया गेला असे मानू नये. अशा उत्तरांतूनच मदतपुस्तिकेतली संदिग्ध वाक्ये सुधारतात.

खऱ्या उणिवा मराठी वापरकर्त्याला लवकर भेटतात. एका फाइलमध्ये फक्त ‘कोल्हापूर’ लिहून ती डब्ल्यूसी या मोजणाऱ्या साधनाला द्यावी. ते २८ बाइट सांगते. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे, चिन्हे ९, आणि ओळ संपल्याची खूण १ बाइटची. चिन्हे मोजायला सांगितली तर तीच खूण धरून १० येतात. आपल्या डोळ्यांना मात्र को, ल्हा, पू, र अशी चारच अक्षरे दिसतात. इथवर सगळे नियमाप्रमाणेच आहे. पण ओळीचा भाग कापून देणाऱ्या कट या साधनाकडे पहिली चार चिन्हे मागितली की घोटाळा होतो. ग्नूच्या मूळ कटमध्ये चिन्ह आणि बाइट यांत अनेक वर्षे फरकच केला जात नव्हता. त्यामुळे ‘क’ येतो आणि पुढच्या ओकाराचा एक तुटका बाइट, म्हणजे काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह. फेडोरा आणि सुसे या लिनक्सच्या वितरणांनी यासाठी आपापला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, लावला; डेबियन या तिसऱ्या वितरणाने लावला नाही. म्हणून एकच आज्ञा दोन संगणकांवर दोन उत्तरे देत राहिली. इंग्रजीत काम करणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. तो कळवण्याची जबाबदारी आपली आहे, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे दोष हुकमी पुन्हा घडवून आणणे. मग तो केव्हा शिरला ते शोधतात. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधल्या बायसेक्ट या आज्ञेने बदलांची यादी दर वेळी निम्मी होते, त्यामुळे हजार बदलांतून दोषी बदल साधारण दहा चाचण्यांत सापडतो. शिरोलीच्या फौंड्रीत कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वायूने पडलेले छिद्र, निघाले तर जाणता कारागीर ते नुसते बुजवून थांबत नाही, वाळूत ओल जास्त होती का ते पाहतो. इथेही तसेच: लक्षण झाकणारा पॅच चांगला मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा, परत पाठवतो. दुरुस्तीसोबत एक टेस्टही जोडावी लागते, म्हणजे तोच दोष पुन्हा शिरला तर लगेच पकडला जाईल.

सर्वांत अवघड भाग मात्र जुन्या सवयी सांभाळण्याचा. ग्रेपला मजकूर सापडला तर ते ०, न सापडल्यास १ आणि चूक झाल्यास २ असा संकेत परत करते. असंख्य स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या तयार फाइली, त्यावर उभ्या आहेत. कोअरयुटिल्सच्या २०१६ मधल्या ८.२५ आवृत्तीपासून एलएस टर्मिनलवर ‘गूळ दर’सारखे मधे जागा असलेले नाव अवतरणचिन्हांत दाखवू लागले. आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामकडे जात असेल तेव्हा जुनीच पद्धत ठेवली होती, तरी नाराजी मोठी झाली. उबुंटू या लिनक्स वितरणाच्या २५.१० आवृत्तीत रस्ट भाषेत नव्याने लिहिलेली साधने आली. त्यातल्या तारीख-वेळ सांगणाऱ्या डेटला फाइलची वेळ विचारणारा ‘आर’ हा पर्याय दिला की ते तक्रार न करता आत्ताची वेळ सांगे. परिणामी अपडेट आपोआप तपासणे बंद पडले. न जमणारे काम गुपचूप स्वीकारणे हा माझ्या मते सर्वांत वाईट प्रकारचा बग. त्यापेक्षा चूक दाखवून थांबणे कितीतरी बरे.

एवढ्या मोठ्या वापराचा भार पुष्कळदा एकदोन माणसांवर असतो. फाइल आवळणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या थकलेल्या मेंटेनरचा विश्वास एका अनोळखी व्यक्तीने मदत करत करत मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, घातला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांना दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असे दिसले, त्यांनी पाठपुरावा केला आणि तो चोरदरवाजा उघडा पडला.

कोल्हापुरातल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला या कामात शिरायला पॅचच लिहायला हवा असे नाही. नेमका रिपोर्ट हेही मोठे योगदान आहे: साधनाची आवृत्ती, लोकॅल (संगणकावरची भाषा-लिपीची मांडणी), दिलेली आज्ञा, मिळालेले उत्तर, अपेक्षित उत्तर आणि दोष दाखवणारी शक्य तितकी लहान फाइल. कटच्या बाबतीत ती फाइल एका शब्दाची पुरते.