आपोआप उघडणारे देवालयाचे दार आणि तापलेली हवा

सध्या मोबाइलवर फिरणाऱ्या एका चित्रफितीत असे सांगितले जाते की, दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधील पुजारी वाफेच्या शक्तीने मंदिराची दारे उघडत आणि भोळ्या भाविकांना चमत्कार झाल्याचे भासवून लुबाडत. ज्या यंत्राविषयी हे बोलले जाते त्याचे वर्णन खरोखरच उपलब्ध आहे. मात्र त्यात वाफेचे काम नाही, आणि लुबाडणुकीला तर काहीच पुरावा नाही. ते यंत्र एका जिवंत धार्मिक विधीच्या मापाने घडवलेले आहे, ही त्यातली अधिक रंजक बाब चित्रफितीतून निसटली आहे.

ग्रीक मंदिरात बळी देण्याची वेदी गाभाऱ्यात नसे. ती मंदिरासमोर, उघड्यावर असे. वेदीवर अग्नी पेटवून हवी अर्पण करताना मंदिराचे दार उघडे ठेवत, म्हणजे आतील मूर्तीला समोर चाललेला विधी दिसावा. दार आपसूक उघडणे हे देव आल्याचे लक्षण मानले जाई. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात, म्हणजे इजिप्तमधील ग्रीकांच्या शहरात, राहणारा कवी कॅलिमेकस याने अपोलो या ग्रीक देवाच्या स्तोत्रात दाराच्या अडसरांनाच आपणहून सरकण्याची आज्ञा केली आहे, कारण देव आता दूर नाही. म्हणजे वेदीवर अग्नी, मग दार उघडणे, मग देवाचे दर्शन हा क्रम यंत्रापूर्वीच लोकांच्या मनात पक्का होता.

याच अलेक्झांड्रियात, बहुधा इसवी सनाच्या पहिल्या शतकात, हेरॉन नावाचा यंत्रज्ञ होऊन गेला. हवा आणि पाणी यांवर चालणाऱ्या साधनांविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याने एक छोटे देवालय वर्णिले आहे, ज्याच्या वेदीवर अग्नी पेटवला की दारे उघडतात आणि अग्नी विझला की मिटतात. सगळी करामत जमिनीखाली आहे. वेदी आतून पोकळ आणि हवाबंद असते. तिच्यातून निघालेली नळी खाली एका बंद गोळ्यात उतरते आणि त्या गोळ्यात काही पाणी असते. गोळ्यातल्या पाण्यात एका वक्रनलिकेचे, म्हणजे सायफनचे, एक टोक बुडलेले असते व दुसरे टोक दोरीला टांगलेल्या बादलीत सोडलेले असते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या दारांना बिजागऱ्यांऐवजी फळीचेच खुंट असत आणि ते उंबऱ्यातील खळग्यात फिरत, तसेच या दारांचे खुंट जमिनीखाली लांबवलेले असतात. बादलीची दोरी कप्पीवरून येऊन या खुंटांना गुंडाळलेली असते, आणि उलट दिशेने गुंडाळलेल्या दुसऱ्या दोरीला दारे मिटती ठेवणारे वजन लटकत असते.

अग्नी पेटला की वेदीतील हवा तापून प्रसरण पावते आणि नळीवाटे गोळ्यात शिरून तेथील पाणी दाबते. जायला दुसरी वाट नसल्यामुळे पाणी वक्रनलिकेतून बादलीत पडते, बादली जड होऊन खाली जाते आणि खुंट फिरून दारे उघडतात.

हे कितपत जमण्यासारखे आहे, याचा हिशेब शाळेतल्या चार्ल्सच्या नियमाने करता येतो: दाब तोच राहिला तर हवेचे आकारमान केल्विनमधील तापमानाच्या प्रमाणात वाढते. वेदीच्या पोकळीत 40 लिटर हवा आहे आणि तिचे तापमान 27 अंश सेल्सियस, म्हणजे 300 केल्विन आहे, असे धरू. ती 375 केल्विनपर्यंत, म्हणजे 102 अंश सेल्सियसपर्यंत तापली, तर दाब तोच राहिल्यास तिचे आकारमान सव्वापट होऊन 50 लिटर होईल. याचा अर्थ 10 लिटर पाणी बादलीत पडेल आणि 10 किलो वजन दोरीला मिळेल. लहान देवालयाची हलकी दारे फिरवायला एवढे पुरेसे आहे. प्रत्यक्षात मात्र हा आकडा कमी भरणार, कारण गोळ्यात ढकललेली गरम हवा थंड पाण्याला लागून पुन्हा आकसते, आणि थोडी उष्णता केवळ दाब वाढवण्यात खर्ची पडते. वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. तेव्हा नळीचे वळण गोळ्यातील पाण्यापेक्षा 30 सेंटिमीटर उंच असेल, तर तेथवर पाणी चढवायला दाब तीन टक्क्यांनी वाढावा लागेल, आणि त्यासाठी तापमानातली पहिली नऊ अंशांची वाढ वापरली जाईल.

काही जण पाण्याऐवजी पारा वापरतात, कारण तो अधिक जड असतो, असेही हेरॉन सांगतो. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते, कारण एक लिटर पारा 13.6 किलो भरतो. पण वातावरणाचा दाब पाऱ्याचा फक्त 76 सेंटिमीटरचा स्तंभ तोलतो. त्यामुळे त्याच 30 सेंटिमीटरच्या वळणापर्यंत पारा चढवायला दाब जवळजवळ 40 टक्क्यांनी वाढवावा लागेल आणि हवा सुमारे 145 अंशांपर्यंत तापवावी लागेल, तेव्हा कुठे पहिला थेंब बादलीत पडेल. वळण अगदी बुटके ठेवले तरच पाऱ्याचा फायदा, शिवाय त्याच्या विषारी वाफेचा प्रश्न निराळाच.

दार उघडण्यापेक्षा मिटणे अधिक चतुराईचे आहे. बादली कितीही खाली गेली तरी वक्रनलिकेचे टोक तिच्यातील पाण्यात बुडालेलेच राहील, अशी योजना हवी. अग्नी विझला की हवा थंड होऊन आकसते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा बादलीतील पाणी त्याच नळीतून परत गोळ्यात ढकलते. मग हलकी झालेली बादली वर जाते आणि वजन आपले काम करते. हेरॉनचे स्वतःचे स्पष्टीकरण मात्र वेगळे होते. त्याच्या मते विरळ झालेली हवा गोळ्याच्या सूक्ष्म छिद्रांतून निसटते आणि रिकामी जागा भरण्यासाठी पाणी ओढले जाते. उपपत्ती चुकीची असूनही यंत्र बिनचूक आहे. त्याच्या सुमारे तीन शतके आधी बायझँटियमचा ग्रीक यंत्रज्ञ फिलॉन याने शिशाचा पोकळ गोळा नळीने पाण्याला जोडून उन्हात ठेवला तेव्हा बुडबुडे निघाले होते आणि सावलीत आणल्यावर पाणी नळीतून वर चढले होते. ही करामत त्याच प्रयोगाची वंशज आहे.

आता लुबाडणुकीविषयी. हेरॉनने वर्णिलेले देवालय लहान आहे, ते अमुक मंदिरात बसवले होते असे तो म्हणत नाही, आणि तसे एकही दार उत्खननात सापडलेले नाही. इजिप्तमधील मंदिरांच्या प्रवेशापाशी पितळी चाके असत आणि शुद्धीसाठी येणारे लोक ती फिरवत, असे तो नोंदवतो. असे चाक फिरवताच प्रोक्षणाचे पाणीही मिळावे, अशी जोड त्याने सुचवली आहे. पाच द्राख्माचे नाणे टाकल्यावर तरफ कलून तीर्थपाणी देणारे पात्रही त्याच ग्रंथात आहे. रूढी आधी आणि यंत्र तिच्या सोयीला, असा हा मामला दिसतो. प्राचीन लोकांकडे हरवलेले महाविज्ञान होते, हे जसे निराधार आहे तसेच प्रत्येक पुजारी ठक होता, हेही.

दारावर हवेऐवजी शब्दांनी इलाज करणारेही इजिप्तमध्येच होते. आता नॉर्वेतील ऑस्लो येथे असलेल्या, सुमारे चौथ्या शतकातील एका ग्रीक पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर, दार उघडण्याचा मंत्र आहे. पहिलटकर मेंढीच्या कोकराची जमिनीला न लागलेली नाळ गंधरस या सुवासिक डिंकात मिसळून अडसराला लावायची आणि अडसराला उघडण्याची आज्ञा करून म्हणायचे की, मी महान होरस, ओसिरिस आणि इसिसचा पुत्र आहे, मला अधर्मी टायफॉनपासून पळायचे आहे. होरस, ओसिरिस आणि इसिस हे इजिप्तचे देव, आणि ग्रीकांचा टायफॉन म्हणजे इजिप्तचा सेथ, होरसचा डोळा जखमी करणारा त्याचा वैरी. हे नाव अडसराजवळ का यावे, याचा उलगडा इजिप्तच्या मंदिरातील नित्यपूजेत होतो. इजिप्तमधील अबायडोस येथे सेती पहिला या राजाच्या, म्हणजे इ.स.पू. तेराव्या शतकातील, मंदिराच्या भिंतींवर ही पूजा कोरलेली आहे. पुजारी पहाटे गाभाऱ्याच्या दारावरील मातीची मोहर फोडी आणि अडसर ओढी. अडसर काढताना म्हणायच्या पाठात त्या अडसराला सेथचे बोट म्हटले आहे, जे होरसच्या डोळ्यातून काढून घ्यायचे असते.