उत्तर कन्नड की दक्षिण कन्नड? मध्ये उडुपी आहे

मुरुडेश्वर पाहून आलेला माणूस हमखास सांगतो, "मंगळूरजवळ आहे." नाही हो. मुरुडेश्वर भटकळ तालुक्यात, म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यात. आपण जुन्या सवयीने ज्याला 'कारवार जिल्हा' म्हणतो, त्यात. मंगळूर दक्षिण कन्नडचं मुख्य ठिकाण. नावं ऐकून वाटतं, एकाच भाकरीचे हे दोन तुकडे, एकमेकांना लागून. आज त्यांची हद्द कुठेही भिडत नाही. 1997 मध्ये दक्षिण कन्नडमधून उडुपी वेगळा झाला आणि बरोबर मध्ये जाऊन बसला. मुंबईच्या कितीतरी उडुपी हॉटेलवाल्यांचं गाव एका दिवसात दक्षिण कन्नडमधून बाहेर पडलं ते असं. (छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्याचा या भानगडीशी संबंध नाही, आणि 'उत्तर कर्नाटक' म्हणजेही उत्तर कन्नड नव्हे.)

मुळात भाकरी एकच होती, हे मात्र खरं. 1799 मध्ये टिपू पडल्यावर इंग्रजांनी हा सगळा किनारा 'कानडा' या एकाच जिल्ह्यात घातला आणि मद्रासला जोडला. पुढे त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि 1862 मध्ये उत्तर भाग मुंबई इलाख्यात आला. कारण होतं कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. धारवाडचा कापूस घाट उतरवून सदाशिवगड-कारवारहून जहाजात चढवायचा, तर धारवाड मुंबईच्या हाताखाली आणि बंदर मद्रासच्या. म्हणून बंदरच मुंबईकडे घेतलं. गंमत अशी, की ज्या मोठ्या बंदरासाठी हा खटाटोप झाला ते काही त्या काळात उभं राहिलं नाही. 1880 च्या दशकात गोव्यातून मुरगावची रेल्वे आली आणि घाटावरचा माल तिकडे वळला.

माल गेला, पण इलाखा राहिला. जवळजवळ शंभर वर्षं कारवारची पोरं शिकायला आणि नोकरीला मुंबई-पुण्याकडे गेली. घरात कोकणी, पाटीवर मराठी. रवींद्रनाथ ठाकूर तरुणपणी कारवारला राहिले तेही यामुळेच: त्यांचे भाऊ सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते. मंगळुरातही कोकणी आहेच, पण ती कानडी लिपीत लिहिली जाते, आणि बाजारात ऐकू येते ती तुळू. तुळू बोलणारा मंगळूरला 'कुडला' म्हणतो. नावात 'कन्नड' असलेल्या जिल्ह्याची खरी बोली तुळू, हे लक्षात ठेवलं तर निम्मा घोळ मिटतो.

मंगळूरचा आपल्याशी धागा वेगळाच. 1865 मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने तिथे कौलांचा कारखाना काढला. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची चिकणमाती त्या कामाला फार चांगली. आपल्या कोकणातली घरं ज्यांनी शाकारली, ती मंगलोरी कौलं. पुढे 1906 मध्ये कॅनरा बँक निघाली तीही मंगळुरातच. जिल्ह्याचं जुनं इंग्रजी नाव तिच्या पाटीवर अजून आहे.

जमिनीचा फरक तर नकाशा उघडताच दिसतो. दक्षिण कन्नड जवळजवळ सगळा घाटाखाली. उत्तर कन्नड सह्याद्रीवर आडवा पसरलेला: खाली कारवार, अंकोला, कुमठा, वर शिरशी, यल्लापूर, दांडेली, आणि पलीकडे हल्याळ, मुंडगोडचा धारवाडी माळ. क्षेत्रफळ दक्षिण कन्नडच्या दुप्पट, पण 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 14 लाखांच्या वर, तर तिकडे जवळपास 21 लाख. बाकी सगळं जंगल. मुंडगोडच्या माणसाला कलेक्टर कचेरीत जायचं तर घाट उतरून जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, कारवारला यावं लागतं. शिरशी वेगळा जिल्हा करा ही मागणी उगाच होत नाही.

1956 मध्ये दोघंही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले, आणि दोघांच्याही टोकाला वाद उरला. उत्तरेला कारवारवर महाराष्ट्राचा दावा. दक्षिणेला कासरगोड केरळात गेलं, त्यावर कर्नाटकचा. दोन्हींचा विचार केंद्राने सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने केला. 1967 च्या अहवालात त्याने कारवार कर्नाटकात ठेवलं आणि कासरगोडचा मोठा भागही कर्नाटकालाच द्यावा म्हटलं. कारवार तिथेच राहिलं. कासरगोड मात्र आजही केरळात आहे.